फाटलेला पडदा तेलाने जोडला जात नाही

परवा रात्री दहाच्या सुमाराला ताईने एक फोटो पाठवला. ओट्यावर तेलाचं छोटं कढलं, शेजारी ड्रॉपर, आणि खाली प्रश्न : 'किती थेंब घालू?' त्याच्या वरच तिने पुढे पाठवलेला एक लांबलचक मेसेज होता. तो वाचून मी उत्तर टाइप करत बसले नाही, सरळ फोन लावला.

माझ्या भाच्याच्या डाव्या कानावर आठवड्यापूर्वी खेळताना चेंडू बसला. कानात फट्‌कन आवाज झाला, रक्ताचा एक थेंब आला, मग कानात दडे बसल्यासारखं झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि सांगितलं की पडद्याला छोटं भोक पडलंय. कान कोरडा ठेवा, आत काहीही घालू नका, नाक जोरात शिंकरू देऊ नका, सहा आठवड्यांनी दाखवायला या. गोळी नाही, थेंब नाहीत. ताई तिथून अस्वस्थ होऊनच घरी आली. पडदा फाटलाय म्हणतात आणि औषध एकही देत नाहीत, हे तिला पटत नव्हतं. त्या मनःस्थितीत मुलांच्या आयांच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि तिने तेल तापवलं.

तिने ते ओतून दिलं. पण त्या ग्रुपवर तिच्याखेरीज आणखी कितीतरी आया आहेत, आणि मेसेज पुढे जातोच आहे. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा, भोक पडलेला पडदा घेऊन मी वीसेक वर्षं काढली आणि सव्विसाव्या वर्षी ऑपरेशन करून घेतलं. कानाबद्दल वाचत आणि डॉक्टरांना विचारत आले ते तेव्हापासून.

मेसेजचं शीर्षक आहे 'कानाचा पडदा फाटला? घाबरू नका, सात दिवसांत घरच्या घरी जोडा.' त्यातले दावे थोडक्यात असे. पडदा फाटतो तो मळ साचून कडक झाल्यामुळे, तेव्हा दर आठवड्याला कान आतून साफ करा. कोमट तेलाचे पाच-सहा थेंब सकाळ-संध्याकाळ घातले की पडद्याच्या कडा मऊ होऊन एकमेकींना चिकटतात. नाक दाबून, तोंड मिटून जोरात फुंकलं की दुमडलेला पडदा जागेवर बसतो. कानातून पू येत असेल तर तो अडवू नका, ते साठलेलं विष आहे, संपलं की कान आपोआप बरा होतो. पोकळ मेणबत्ती कानात धरून पेटवली की उरलेली घाण ओढली जाते. आणि ऑपरेशनच्या नादी लागू नका, प्लास्टिकचा पडदा बसवतात, तो टिकत नाही आणि आहे तेवढं ऐकू येणंही जातं.

तेलापासून सुरुवात करते.

कानाचा पडदा साधारण ८ ते १० मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि जाडी मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. एवढ्याशा जाडीतही तीन थर असतात : बाहेरच्या बाजूला कातडी, मधे तंतूंची वीण, आतल्या बाजूला ओलसर नाजूक अस्तर. त्याला रक्तपुरवठा आहे, म्हणून तर फाटला की रक्त येतं. बाहेरची कातडी तर सतत चालत असते. पडद्याच्या मध्यापासून कडेकडे आणि तिथून कानाच्या नळीतून बाहेर, नख वाढतं साधारण त्या वेगाने ती सरकत राहते. पडदा ही अशी जिवंत, हलती गोष्ट आहे. चिरलेल्या चामड्यासारख्या त्याच्या कडा मऊ करून चिकटवता येत नाहीत.

तो भरतो तो या सरकण्याच्या जोरावरच. भोकाच्या कडेवरच्या पेशी वाढू लागतात आणि रिकाम्या जागेवर पुढे पुढे येत जातात. हातापायाच्या जखमेत आधी खालून भराव येतो आणि त्यावर कातडी धरते. पडद्याखाली भराव यायला काही नाहीच, हवा आहे. म्हणून इथे क्रम उलटा : कातडी आधी अधांतरी पूल बांधते आणि मधले तंतू मागाहून येतात. कधी ते येतच नाहीत, मग तेवढ्या जागी पडदा पातळ, आरपार दिसेल असा राहतो. मार बसून पडलेली बहुतेक भोकं, दहातली आठ-नऊ, तीन महिन्यांच्या आत अशी स्वतःहून बुजतात. लहान असली तर काही आठवड्यांतच. 'सात दिवस' हा आकडा कुठून आला ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता या चाललेल्या कामात तेल ओतलं तर काय होतं ते बघा. धडधाकट कानाची नळी ही बंद गल्ली असते. तेल पडद्यापर्यंत जातं आणि बहुतेक परत बाहेर येतं. पडद्याला भोक असलं की ते पलीकडे उतरतं, मध्यकर्णात. ही एरवी फक्त हवा असलेली चिमुकली खोली. तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं आहेत आणि तिच्या आतल्या भिंतीत अंतर्कर्णाच्या दोन खिडक्या आहेत. तिथे गेलेलं तेल निघायला घशात उघडणारी एक अरुंद नळी सोडून वाट नाही. स्वयंपाकघरातलं तेल निर्जंतुक नसतं, आणि जाताना ते नळीतल्या कातडीवरचे जंतूही सोबत नेतं. ओलसर, चिकट झालेल्या कानात जंतुसंसर्ग होतो, बुरशी धरते, पू सुरू होतो. पू वाहत असेल तर भोक बुजण्याचं काम थांबतं. पंधरा दिवसांत भरलं असतं ते भोक असं कायमचं होऊ शकतं.

आणि 'कोमट' म्हणजे किती? ताईला विचारलं तर म्हणाली, बोटाला सोसेल इतकं. बोटाला पंचेचाळीस अंशही सोसतं. कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव आहे आणि त्यातल्या द्रवाला तापमानातला थोडा फरकही हलवतो. चक्कर येणाऱ्या रुग्णांची तपासणी करताना डॉक्टर हेच मुद्दाम करतात. कानात ३० अंशांचं आणि मग ४४ अंशांचं पाणी सोडतात. शरीराच्या ३७ अंशांपासून जेमतेम सात अंश खाली किंवा वर. तेवढ्यानेही खोली गरगर फिरते, डोळे एका बाजूला झटके खातात, काहींना मळमळतं. या तोलाच्या यंत्रणेवरच्या कामासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं. आणि ही तपासणी करण्याआधी डॉक्टर पडदा शाबूत आहे ना ते बघतात. भोक असलं तर पाणी वापरत नाहीत. प्रशिक्षित माणूस मोजून घेतलेलं पाणी ज्या कानात सोडत नाही, त्या कानात दहा वर्षांच्या मुलाच्या आईने कढल्यातलं तेल सोडायचं, असं हा मेसेज सांगतोय. हे वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

तेलाबाबत एक गोष्ट मात्र मान्य करते. पडदा शाबूत असेल आणि मळ घट्ट बसला असेल, तर तो मऊ करायला तेलाचे थेंब चालतात, डॉक्टरही सांगतात. बहुधा तिथलीच गोष्ट उचलून इथे चिकटवली आहे. पण पडदा शाबूत आहे की नाही हे घरी बसून कळत नाही, आणि या मेसेजची पहिली ओळच 'पडदा फाटला?' अशी आहे.

घरात पडलेले कानाचे जुने थेंबही घालू नका. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी काही प्रतिजैविकं भोकातून आत जाऊन अंतर्कर्णाला कायमची इजा करू शकतात. भोक असलेल्या कानात थेंब द्यायचेच झाले तर डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनसारखे निवडतात, आणि तेही संसर्ग असेल तर.

दुसरा मोठा मुद्दा पुवाचा. मला विचाराल तर तेलापेक्षाही हा घातक आहे, कारण तो अगदी समजूतदारपणाचा वाटतो. घाण आहे, बाहेर पडतेय, पडू द्या.

यातही अर्धं खरं आहे, आणि तेच माणसाला फसवतं. लहान मुलांना सर्दीनंतर मध्यकर्णात संसर्ग होतो, पडद्यामागे पू साठतो, रात्रभर कान ठणकतो. मग पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो. दाब गेला म्हणून दुखणं गेलं, हे खरं. असं पडलेलं भोक बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत बुजतंही. मराठीत याला 'कान फुटला' म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ते किरकोळ समजलं जातं.

माझाही असाच फुटला होता. मग दर सर्दीला फुटायला लागला. मग सर्दी नसतानाही वाहायला लागला. दुखत कधीच नव्हतं. दुखत नाही म्हणून कुणी घाबरलं नाही, 'मोठी झाली की थांबेल' असं सगळे म्हणत राहिले. एका दवाखान्यात तर वर्षभर दर वेळी तीच गोळी लिहून दिली, दुर्बीण लावून आत कुणी पाहिलंच नाही. उशीवर डाग पडायचे, मी अभ्रा उलटा करून झोपायचे. वर्गात उजवा कान बाईंकडे राहील असं बाक निवडायचे, आणि डावीकडून कुणी बोललं की हसून मान डोलवायचे. मला वाटायचं सगळ्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा मंदच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली दीर्घकाळ वाहणाऱ्या कानाबद्दल एक अहवाल काढला. कुणी फक्त एकच गोष्ट वाचणार असेल तर ही वाचावी. भोक पडलेल्या पडद्यातून पू येण्याला 'जुनाट' म्हणायला किती काळ लागतो? त्यांच्या व्याख्येत दोन आठवडे पुरतात. दोन आठवडे! माझा कान बारा-तेरा वर्षं वाहत होता. या अहवालाच्या अंदाजाने जगात ६.५ कोटी ते ३३ कोटी लोकांचे कान असे वाहतात, आणि त्यातल्या सुमारे ६० टक्के लोकांना लक्षात येण्याइतकं कमी ऐकू येतं. वर्षाला २८ हजार मृत्यू त्यात या आजाराच्या नावावर धरले होते. कान वाहण्याने माणूस मरतो, हे ताईला सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली.

मरतो तो असा. मध्यकर्णाच्या छताची हाडाची पातळ पट्टी ओलांडली की वर मेंदूचं आवरण आहे. मागच्या बाजूला कानामागच्या हाडातल्या पोकळ्या आहेत आणि त्यांच्याही मागे मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच खोलीच्या भिंतीतून जाते. पू वर्षानुवर्षं तिथे राहिला की हाड झिजू शकतं, हातोडी-ऐरणीची साखळी तुटू शकते, चेहरा एका बाजूने लुळा पडू शकतो, मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, मेंदूत गळू होऊ शकतं.

काही कानांत याहून वाईट प्रकार असतो, कोलेस्टिॲटोमा. नाव ऐकून गाठ वाटते, पण ही असते कातडीच, नको त्या जागी गेलेली. पडद्याच्या वरच्या किंवा कडेच्या भागातून कातडी आत शिरते, तिथेच वाढते, मेलेले पापुद्रे साठत जाऊन त्याची पिशवी होते आणि ती आजूबाजूचं हाड खात जाते. थोडा पण घाणेरड्या वासाचा स्राव ही तिची खूण. तीही बहुतेक दुखत नाही. तिला शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. 'विष संपलं की थांबेल' म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाच्या कानात ती निवांत वाढत राहते.

पू म्हणजे साठा संपेपर्यंत वाहणारी टाकी नव्हे. संसर्ग चालू आहे तोवर तो तयार होतच राहतो. त्याच अहवालात उपचारही सांगितलाय, आणि तो फार अवघड नाही : कान नीट पुसून कोरडा करणं आणि त्यासोबत योग्य प्रतिजैविकाचे थेंब. नुसतं पुसण्यापेक्षा पुसणं आणि थेंब मिळून जास्त गुण देतात, आणि वाहत्या कानाला गोळ्यांपेक्षा थेंब जास्त लागू पडतात.

तेल आणि पू हे दोन दावे शेजारी ठेवले की मला या मेसेजचा सगळ्यात मोठा धोका दिसतो. मार बसून फाटलेला, कोरडा पडदा एकटा सोडायचा असतो, तिथे हा थेंब घालायला, फुंकायला, कोरायला सांगतो. वाहणारा कान एकटा सोडायचा नसतो, तिथे हा थांबायला सांगतो. दोन्हीकडे बरोबर उलटं.

ताईच्या तक्रारीचं उत्तरही यातच आहे. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, कारण कोरड्या भोकाला औषध लागत नाही. पण आईच्या तोंडावर 'काही करू नका' एवढंच म्हणून तिला घरी पाठवणं पुरेसं नव्हतं. पडदा स्वतः कसा भरतो आणि हात का लावायचा नाही, हे दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तर कढलं तापलं नसतं.

ऑपरेशनबद्दल. प्लास्टिकचा पडदा कुणी बसवत नाही. कृत्रिम पडद्याचे प्रयोग झाले होते, फार पूर्वी. १६४० साली मार्कस बान्झर यांनी हस्तिदंती नळीवर डुकराच्या मूत्राशयाची त्वचा ताणून ती कानात बसवण्याची कल्पना मांडली. १८५३ मध्ये लंडनच्या जोसेफ टॉयनबी यांनी रबराची चकती चांदीच्या तारेवर लावून दिली, ती रुग्ण स्वतः कानात घालायचा आणि काढायचा. मग १८७८ मध्ये एमिल बर्थोल्ड यांनी माणसाचीच कातडी पडद्यावर लावून पाहिली, आणि १९५० च्या दशकात जर्मनीत वुलश्टाइन आणि त्सोलनर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केल्या जाणाऱ्या आजच्या टिंपॅनोप्लास्टीची, म्हणजे पडदा दुरुस्त करण्याच्या ऑपरेशनची, घडी बसवली. तेव्हापासून पडदा दुरुस्त होतो तो बहुतेक वेळा माणसाच्या स्वतःच्याच ऊतीने.

माझा असाच झाला. कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ पांढरं आवरण असतं, त्याचा नखाएवढा तुकडा काढून घेतला. आधी भोकाची कड खरवडून ताजी केली. हे का करतात ते मला नंतर समजलं. जुन्या भोकाच्या कडेवर बाहेरची कातडी आणि आतलं अस्तर एकमेकांना मिळून शिवण घातल्यासारखी बंद झालेली असतात, म्हणून ती कड पुढे सरकतच नाही. ती शिवण उसवली, मग आवरणाचा तुकडा पडद्याच्या आतल्या बाजूने लावला. तो तुकडा म्हणजे मांडव. त्यावर पडद्याची स्वतःची कातडी वेलासारखी चढत जाते. काही जणांना आवरणाऐवजी कानाच्याच कूर्चेचा पातळ काप लावतात, तो जास्त कणखर असतो.

आणि ऐकू येणं जाण्याचं म्हणाल तर, पडदा आवाज गोळा करून रिकिबीच्या चिमुकल्या पायावर एकवटतो. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ त्या पायाच्या सुमारे सतरा पट आहे, हाडांच्या तरफेचा थोडा फायदा धरला तर दाब वीस-बावीस पट होतो. भोक पडलं की हा फायदा कमी होतो. किती, ते भोकाच्या आकारावर. छोट्या भोकाने जेमतेम कळतं, मोठ्याने ४० डेसिबलपर्यंत घट होऊ शकते. म्हणजे फाटलेला पडदा हे बहिरेपण नव्हे, आणि तो बुजला की यातलं बरंचसं परत मिळतं.

आता ऑपरेशनच्या विरोधात जे खरं आहे तेही लिहिते. प्रत्येक भोकाला ऑपरेशन लागत नाही. छोटं, कोरडं, त्रास न देणारं भोक डॉक्टर नुसतं बघत राहू शकतात. बारीक भोकावर कागदाचा ठिगळासारखा तुकडा ठेवून पेशींना आधार देण्याची पद्धत १८८७ पासून आहे आणि अजूनही वापरतात. लावलेला तुकडा दहातल्या एक-दोन जणांना धरत नाही, पुन्हा करावं लागतं. हाडांची साखळीच तुटलेली असेल तर नुसत्या पडद्याने ऐकू येणं सुधारत नाही. अंतर्कर्णाला इजा होऊन आहे ते ऐकू येणंही जाण्याचा धोका थोडा असतो, डॉक्टरांनी मला सही घेण्याआधी तो सांगितला होता. चवीची एक बारीक नस पडद्याच्या मागून जाते, ती दुखावली तर जिभेच्या एका बाजूला चव काही काळ वेगळी लागते. मला दोन महिने डावीकडे धातू चोखल्यासारखी चव येत होती. मग ती गेली. माझा कान त्यानंतर वाहिलेला नाही.

पडदा औषधाने वाढवण्याचे खरे प्रयत्नही चालू आहेत. जपानमध्ये २०१९ साली अशा एका उपचाराला मान्यता मिळाली : पेशींची वाढ घडवणारं प्रथिन जिलेटिनच्या स्पंजात भिजवून भोकात ठेवतात. त्यासाठीही कड ताजी करावी लागते, सूक्ष्मदर्शक लागतो, कान कोरडा आणि संसर्गमुक्त लागतो.

बाकीचे दावे भराभर घेते. मळाने पडदा फाटत नाही. मळाने नळी बुजून कमी ऐकू येईल, एवढंच. फाटतो तो संसर्गाने, कानावर बसलेल्या चापटीने किंवा चेंडूने, विमानात किंवा पाण्याखाली दाब एकदम बदलल्याने, स्फोटाने, डोक्याला जबर मार लागून, आणि कानात घातलेल्या काडीने, कानकोरण्याने, हेअरपिनने. म्हणजे दर आठवड्याला आतून साफ करण्याचा सल्लाच पडदा फाडणाऱ्या कारणांपैकी एक आहे. मळ त्या सरकत्या कातडीवरून स्वतः बाहेर येतो, बाहेर आलेला पुसला की झालं.

नाक दाबून फुंकल्याने पडदा जागेवर बसत नाही. भोकातून हवा शीळ घातल्यासारखी निघते, आणि तिच्यासोबत नाकातला शेंबूड आणि जंतू मध्यकर्णात ढकलले जातात. ताज्या फाटलेल्या पडद्याची कड कधी कधी आत दुमडते खरी, पण ती सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टरांनी उलगडायची असते. भाच्याला सांगून ठेवलंय, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं.

कानातल्या मेणबत्तीची १९९६ साली तपासणी झाली आहे. ती कसलंच शोषण निर्माण करत नाही आणि मळ काढत नाही, उलट काहींच्या कानात मेणच टाकून गेली. त्याच संशोधकांनी १२२ कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारलं, तेव्हा तिने झालेल्या २१ इजा समोर आल्या. बहुतेक भाजण्याच्या, आणि एक पडद्याला पडलेलं भोक.

भाच्याचं आता असं ठरलंय. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन चोपडून तो कानाच्या तोंडाशी लावायचा, आत कोंबायचा नाही, आणि आंघोळ झाली की काढायचा. पोहणं बंद. खोली गरगर फिरायला लागली, पू दिसला, ताप आला, कानामागे सूज आली, चेहरा वाकडा वाटला किंवा ऐकू येणं अचानक खूप कमी झालं तर सहा आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे. डोक्याला मार लागल्यानंतर कानातून पाण्यासारखं नितळ काही आलं तर तेही तातडीचंच, हे ताईने स्वतः वहीत लिहून घेतलं. सहा आठवड्यांनी दुर्बिणीने तपासणी आणि ऐकण्याची चाचणी आहे. भोक तेव्हाही उरलं असेल तर तीन महिने पुरे होईपर्यंत थांबायचं, आणि पुढचं तेव्हा विचारायचं. ग्रुपवर हे सगळं ती आज रात्री टाकणार आहे.